मुलांची वाटणी

चणा उपटायचा तो दंव असेपर्यंतच. ऊन चढलं की घाटे तडकतात आणि दाणा मातीत जातो. म्हणून उजाडता उजाडता प्रमोदिनी आणि यज्ञेश्वर शेतात उतरले होते. दोघंही कंबरेतून वाकलेले. मुठीत झाड धरायचं, हिसडा द्यायचा, मुळांची माती पायावर झटकायची, पेंढी मागे टाकायची. पानांवरची आंबट आंब हाताच्या भेगांत शिरून झोंबत होती. प्रमोदिनीनं हातांत जुने पायमोजे चढवले होते. अंगठ्याशी त्यांना भोक होतं आणि भेगही नेमकी तिथेच होती.

बांधावर तिच्या सासूबाई, अनुसूयाबाई, काठी घेऊन बसल्या होत्या. गाई आटल्या की पिपरौआ गावातले लोक त्यांचं दावं सोडून देतात. अशी मोकाट जनावरं, इकडच्या बुंदेली बोलीत अन्ना, कळपानं फिरतात आणि उभ्या पिकात शिरतात. नाल्याकडचा कोपरा त्यांनी मागेच तुडवून टाकला होता. तिथे नुसती देठं उरली होती आणि शेण.

"मला आज लवकर निघायचं आहे," प्रमोदिनी म्हणाली. "प्रबंधकजींनी सगळ्यांना बोलावलंय. ॲडमिशनचं काहीतरी आहे."

"हं."

"यंदा जो मुलं आणणार नाही त्याला ठेवणार नाहीत म्हणे."

"दरवर्षी म्हणतात."

"गणिताच्या शर्माजींना काढलंच ना या वेळी. होळीच्या आधी."

यज्ञेश्वरनं पेंढी जरा जोरात झटकली, माती तिच्या तोंडावर उडाली.

दोघांची ओळख झाशीला बी.एड.च्या वर्गात झाली होती. ती झाशीचीच, रेल्वेच्या कचेरीतल्या बापूरावांची मुलगी. तो गुरसरायजवळच्या पिपरौआचा. त्याचे पूर्वज गुरसरायच्या जहागिरीत दप्तर सांभाळायला दक्षिणेतून आले आणि इथलेच झाले. गावात अजून त्यांच्या घराला दखिनी पंडितांचं घर म्हणतात. वर्गात पाठ घ्यायची पाळी आली की दोघं एकमेकांचे फळे पुसून द्यायचे. पुढे लग्न झालं तेव्हा बापूराव सगळ्यांना सांगत होते, दोघंही मास्तर आहेत, एकाच घरात दोन पगार येतील.

यज्ञेश्वर गावच्या सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षामित्र लागला, म्हणजे कंत्राटी मास्तर. मध्ये एकदा सगळ्यांबरोबर कायमही झाला. अनुसूयाबाईंनी गावभर पेढे वाटले. मग वरच्या कोर्टाचा निकाल आला आणि सगळे पुन्हा कंत्राटावर आले. पेढे खाल्लेली माणसं रस्त्यात भेटली की दुसरीकडे बघायची. प्रमोदिनी सरकारी भरतीच्या परीक्षा देत राहिली. एकदा पेपर फुटला. एकदा परीक्षा झाली आणि भरतीच रद्द झाली. मग बी.एड.वाल्यांना प्राथमिक शाळेत घेणंच बंद झालं, आणि वरच्या वर्गांसाठी तिचं वय निघून गेलं. बरोबरच्यांपैकी एक चिरगाँवला विमा विकत होता. एक जण मोबाइलच्या दुकानात बसायचा. एकीनं झाशीत घरच्या घरी ब्यूटी पार्लर काढलं होतं, तिचं सगळ्यांत बरं चाललं होतं. प्रमोदिनी गुरसरायच्या एका इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत जायची. एका खोलीत तिच्याकडे तीन वर्ग असायचे.

ऊन बांधाशी आलं तशी ती उठली. पाठ सरळ व्हायला वेळ लागला. घरी येऊन तिनं हातांना तेल चोळलं, साडी नेसली आणि टेम्पोत बसून गेली.

*

शाळेच्या हॉलमध्ये प्रबंधकजी टेबलामागे बसले होते. शिक्षकांना खुर्च्या नव्हत्या. शाळेचे मालकच ते. पूर्वी मऊरानीपुरच्या मंडईत धान्याची अडत करायचे. अजूनही बोलताना हाताच्या मुठीत काहीतरी तोलल्यासारखं करायचे.

"देखिए," ते म्हणाले, "पढ़ाई तो सब स्कूलों में है। बच्चा आएगा तो स्कूल चलेगा, स्कूल चलेगा तो आप चलेंगे।" मग त्यांनी एकेकाला गावं नेमून दिली. प्रमोदिनीकडे पाहून हसले. "आपको तो हम आपका ही गाँव दे रहे हैं। पिपरौआ। धूप में भटकना नहीं पड़ेगा।"

"सर, मला... मुझे दूसरा गाँव दे दीजिए।"

"क्यों?"

"वहाँ सरकारी में मेरे पति हैं।"

"तो अच्छा ही है। लोग पहचानते हैं आपको, बात मानेंगे।" त्यांनी पुढचं नाव घेतलं. मग परत तिच्याकडे वळले. "बीस तो ले ही आइएगा, मैडम। और ज़रा देख के। बसोरों के बच्चे मत ले आना, बाकी लोग बिदक जाते हैं।"

बसोर म्हणजे बांबूच्या टोपल्या विणणारे, गावकुसाबाहेरचे. मागे कुणीतरी खोकलं. प्रमोदिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. हॉलमधून बाहेर पडताना शिखा नावाची नवी शिक्षिका तिच्या कानाशी लागली. "दीदी, मैं तो पैथोलॉजी में जा रही हूँ, झाँसी। रिसेप्शन पर। कम से कम बैठने को कुर्सी तो है।"

*

संध्याकाळी यज्ञेश्वर अंगणात चण्याच्या पेंढ्या बडवत होता. भुसा त्याच्या घामेजल्या मानेला चिकटला होता. प्रमोदिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिथेच बसली.

"मलाही आज शिक्षण खात्यानं बोलावलं होतं," तो म्हणाला. "पन्नासच्या आत पट असेल ती शाळा बंद. जवळच्या शाळेत मिसळणार."

"आपली कुठे?"

"बघर्रामध्ये. नाल्यापलीकडे, सडक ओलांडून." त्यानं पाणी प्यायलं. "आपला पट पन्नासच्या जरासाच वर आहे. चार-पाच मुलं गेली की संपलं. तुला कुठलं गाव दिलं?"

तिनं त्याच्या हातातला तांब्या घेतला. त्याला समजलं. तो दांडकं टेकून उभा राहिला आणि हसला. हसू थोडा वेळ तसंच तोंडावर राहिलं.

"म्हणजे माझीच मुलं."

"मी दुसरं गाव मागितलं. नाही दिलं."

"नाही देणार. मी असतो तर मीसुद्धा दिलं नसतं." तो खाली बसला. "किती?"

"वीस म्हणाले."

"वीस!"

"मी सोडून देते," प्रमोदिनी म्हणाली. "उद्या सांगते त्यांना, मला जमणार नाही म्हणून."

"आणि मग काय करशील?"

गुरसरायमधल्या सगळ्या शाळा चैत्रात हेच करतात, हे दोघांना ठाऊक होतं. घरात दोघांच्या मिळून जे येत होतं त्यावर चूल, अनुसूयाबाईंच्या डोळ्यांचं औषध आणि बियाणं भागत होतं. एकाच्यावर भागलं नसतं. त्याच्या एकट्याच्यावर तर नाहीच.

यज्ञेश्वर बराच वेळ भुशातून दाणे वेचत बसला. मग म्हणाला, "काछ्यांची गल्ली तू घे. त्यांची निम्मी मुलं तशीही गुरसरायला जातात. मंदिराकडची घरंही घे. तिथली माणसं सूरतला आहेत, त्यांना इंग्रजी हवंय."

"आणि तुम्ही?"

"शाळेमागची गल्ली. तळ्यावरची वस्ती. बसोरांचं टोक."

"बसोर त्यांनाही नको आहेत," ती म्हणाली आणि म्हटल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

"बरं आहे. तेवढी तरी माझीच."

भिंतीला टेकून अनुसूयाबाई जात्याजवळ बसल्या होत्या. त्यांना कमी दिसायचं, पण ऐकू सगळं यायचं. "अरे यज्ञू," त्या म्हणाल्या, "भावाभावांच्या जमिनीच्या वाटण्या ऐकल्या होत्या मी. नवराबायको लोकांची पोरं वाटून घेताना आज ऐकते आहे."

"मग काय करू, आई?"

"मी काय सांगू? मी कुठे शिकलेय."

थोड्या वेळानं यज्ञेश्वर हळूच म्हणाला, "एक कर. चंपाच्या दारात जाऊ नकोस."

चंपा तळ्यावरच्या वस्तीतली. नवरा सूरतला फरशा बसवायचा. तिची मुलगी गुंजा तिसरीत होती. यज्ञेश्वर घरी कुठल्याच मुलाविषयी फारसं बोलत नसे, पण गुंजाविषयी बोले. ती मोठ्यांची पुस्तकं अडखळत का होईना वाचते, खिचडीच्या वेळी लहानांना ओळीत बसवते, चुकलं तर स्वतःच फळ्याशी जाऊन पुसून पुन्हा लिहिते.

"पाचवीत तिला नवोदयला बसवणार आहे," तो म्हणाला. "लागेल ती. एवढी एक मला राहू दे."

"मी नाही जाणार तिकडे," प्रमोदिनी म्हणाली.

*

चैत्राचं ऊन तापायला लागलं. शाळा सुटली की प्रमोदिनी टेम्पोतून उतरून घरी न जाता तशीच गल्लीत शिरायची. तोंडाभोवती पदर, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात शाळेची रंगीत पत्रकं. पत्रकावर तरणतलाव आणि कॉम्प्युटर छापले होते. शाळेत दोन्हीही नव्हते. मोहाच्या झाडांखाली बायका फुलं वेचत असायच्या. त्यांच्यापाशी उकिडवी बसून ती फुलं वेचू लागायची आणि बोलायची.

"काए बहनजी, वोट माँगबे आईं?" एक म्हातारा चिलीम काढत म्हणाला आणि सगळे हसले.

"नहीं दादा, बच्चे माँगने आई हूँ।"

काछ्यांच्या, म्हणजे भाजी पिकवणाऱ्यांच्या, गल्लीत एका घरी माणसानं तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग बायकोला आत हाक मारून म्हणाला, "सुनो, अब बहनजी कह रईं कि प्राइवेट में डारो। और कल मास्साब कह गए कि सरकारी में रहन दो।" आणि प्रमोदिनीकडे वळून, "बहनजी, पैलें घर में सलाह कर लो। फिर हमें बता दियो।"

बाहेर आली तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. म्हणजे यज्ञेश्वर काछ्यांच्या गल्लीतही येऊन गेला होता. तिनं घरी ते काढलं नाही. रात्री जेवताना दोघं गव्हाच्या कापणीविषयी बोलले.

मुलं मिळाली, पण वीस झाली नाहीत. मंदिराकडची घरं तिनं दोनदा पालथी घातली. वैशाख लागला. प्रबंधकजींचा रोज फोन यायचा. "मैडम, शर्माजी पूछ रहे थे, वापस आना चाहते हैं। बीस गाँव में घूमने को तैयार हैं।" दुपारच्या वाऱ्यानं तिच्या नाकातून दोनदा रक्त आलं. अनुसूयाबाईंनी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला आणि "झालं ना, आता बस कर" म्हणाल्या. तिनं बस केलं नाही.

एका दुपारी ती तळ्याच्या काठानं घरी चालली होती. वस्तीच्या बाजूला तिनं मान वळवली नव्हती. चंपानंच दारातून हाक मारली.

"ओ बहनजी! सब के घरे गईं, हमाई मोड़ी कों काए नईं पूछो? हम का गए-गुज़रे हैं?"

प्रमोदिनी थांबली. चंपा शेणानं भरलेले हात झटकत पुढे आली. दारात तिची मोड़ी, म्हणजे मुलगी, गुंजा उभी होती, बारीक, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली. तिच्या हातात कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती, ती वाचत होती बहुतेक.

"ऐसी बात नहीं है, चंपा," प्रमोदिनी म्हणाली. "गुंजा तो वहाँ अच्छे से पढ़ रही है।"

"टाट पे बैठत है। इके बाप कह रए फोन पे, सब की मोड़ियाँ टाई पहन के गाड़ी में जा रईं, हमाई काए नईं जा रई। मैं कमा तो रओ।" चंपानं आवाज खाली आणला. "एक बात सच्ची बताओ बहनजी। तुम तो दोनों जगा की जानतीं। तुमाए इते मास्साब से अच्छो पढ़ाउत?"

ऊन पाण्यावरून परतून डोळ्यांत येत होतं. प्रमोदिनीला आपली खोली दिसली. एका फळ्याचे खडूनं केलेले तीन भाग. एका वर्गाला लिहायला लावायचं, दुसऱ्याला गप्प बसवायचं, तिसऱ्याला गाइडमधली उत्तरं सांगायची. मग यज्ञेश्वर दिसला, फाटक्या गोणपाटाच्या टाटावर मुलांच्या मधोमध मांडी घालून बसलेला. चंपा उत्तराची वाट बघत होती. चंपाच्या एका शब्दावर तळ्यावरची अजून तीन-चार घरं येणार होती, हे प्रमोदिनीला माहीत होतं.

"हाँ," ती म्हणाली.

"अच्छो पढ़ाउत?"

"हाँ। अच्छा पढ़ाते हैं।"

गुंजानं लग्नपत्रिकेवरून मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहून हसली.

*

यज्ञेश्वरला ते गुंजाकडूनच कळलं. वर्गात सगळ्यांसमोर ती उभी राहून म्हणाली होती, "मास्साब, हम अब टाई वाले स्कूल में जाएँगे। बहनजी ले जा रही हैं।" मागची चार मुलं म्हणाली, हम भी.

तो घरी आला तेव्हा प्रमोदिनी चुलीशी होती. त्यानं चपला काढल्या नाहीत. उंबऱ्यात उभा राहिला.

"चंपाच्या घरी गेलीस?"

"तिनं हाक मारली."

"हं."

"तिचा नवराच मागे लागला होता. मी नसते तर दुसऱ्या कुणीतरी नेली असती."

"तू काय सांगितलंस तिला?"

प्रमोदिनीनं तव्यावरची पोळी उलटली. ती करपत आली होती. "तिनं विचारलं, मास्साबपेक्षा चांगलं शिकवतात का."

"मग?"

"हो म्हटलं."

यज्ञेश्वरनं मान हलवली, जसं एखाद्या मुलाचं उत्तर बरोबर आल्यावर हलवतात. "बरोबर आहे," तो म्हणाला. "नाहीतर आली कशी असती."

ओरडला असता तर तिनंही काही म्हटलं असतं. काय म्हणायचं ते तिनं दिवसभर मनात जुळवून ठेवलं होतं. तो तसाच वळला आणि शेताकडे गेला. अनुसूयाबाई ताटावर बसून राहिल्या. "वाढ मला," शेवटी त्या म्हणाल्या. "तो येईल तेव्हा येईल. पोटाला काय कळतंय."

*

सुटी संपता संपता पिपरौआची शाळा बंद झाल्याचं कळलं. बघर्राहून ट्रॅक्टर आला. यज्ञेश्वर आणि ट्रॅक्टरवाला, दोघांनीच सामान चढवलं: टाट, लोखंडी कपाट, फळे, खिचडीचं मोठं पातेलं, ताटल्यांचं पोतं. खिचडी शिजवणारी बाई पातेलं द्यायच्या आधी ते राखेनं पुन्हा घासत बसली होती. "घासलेलंच आहे की ते," यज्ञेश्वर म्हणाला. तिनं ऐकलं नाही. बघर्रामध्ये शिजवणाऱ्या बाया आधीच होत्या. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

पातेलं चढवताना यज्ञेश्वरच्या कमरेत उसण भरली. घरी आल्यावर प्रमोदिनीनं विटकर तापवून फडक्यात गुंडाळली आणि त्याची कंबर शेकली. तो पालथा पडून होता. खूप दिवसांनी तिचा हात त्याच्या अंगाला लागला होता.

"जास्त तापलीय का?"

"नाही. राहू दे."

"बघर्रामध्ये तुम्हाला कुठला वर्ग दिला?"

"कुठलाच नाही. तिथे मास्तर पुरेसे आहेत. जो येणार नाही त्याच्या वर्गावर बसायचं." उशीत तोंड असल्यानं त्याचा आवाज दबला होता. "बसोरांची मुलं येणार नाहीत म्हणतात. नाला आहे, सडकेवर ट्रक आहेत. आया म्हणतात, कोण सोडणार? मी म्हटलं, मी घेऊन जाईन. रोज."

"सगळी?"

"जेवढी येतील तेवढी."

जुलैत बसोरांच्या टोकावरून बरीच मुलं निघाली. सडकेवर ट्रकनं एक बकरी चिरडल्यावर कमी झाली. नाल्याला पाणी आल्यावर आणखी कमी झाली. उरलेल्यांना यज्ञेश्वर लांबच्या पुलावरून वळसा घालून न्यायचा. जी येत नव्हती ती घरी आईबापांबरोबर बांबूच्या टोपल्या विणायला बसली.

*

जुलैतच प्रमोदिनी शाळेत गेली तेव्हा तिच्या खोलीत एक अनोळखी मुलगी शिकवत होती. शेजारच्या खोलीतही एक होती. नव्या कोऱ्या साड्या, खांद्यावर पिना, हातात रंगीत तक्ते. प्रबंधकजींच्या मेहुण्याचं मऊरानीपुर रस्त्यावर बी.एड.चं कॉलेज होतं. तिथल्या मुलींना शिकायचा भाग म्हणून काही आठवडे शाळेत शिकवावं लागतं. ते पगार न घेता.

"अच्छा हुआ आप आ गईं," प्रबंधकजी म्हणाले. या वेळी त्यांनी तिला खुर्ची दिली. "आप बच्चे बहुत अच्छे लाईं, मैडम। पूरे स्टाफ में सबसे ज़्यादा। इसीलिए आपको छोड़ेंगे नहीं।"

"पर मेरी क्लास..."

"क्लास ये लड़कियाँ देख लेंगी। आपको हम ट्रांसपोर्ट इंचार्ज बना रहे हैं।"

ती खुर्चीतून उठली.

"गाँव की औरतें आपको जानती हैं। गाड़ी में आप रहेंगी तो निश्चिंत होके भेजेंगी। सुबह बच्चे चढ़ाना, दोपहर में उतारना। बीच में किसी मैडम की छुट्टी हो तो पढ़ा दीजिए, मना थोड़ी है।" त्यांनी मुठीत हवा तोलली. "सोच लीजिए। शर्माजी तो आज भी आए थे।"

प्रमोदिनी शाळेच्या फाटकाशी आली. समोर रसाचा गाडा होता, त्यावर माश्या बसल्या होत्या. गुरसरायमधल्या आणखी दोन शाळांत ती चालत गेली. एकीत तिला सांगितलं, चैत्रात या, मुलं घेऊन या. दुसरीत खिडकीवर बसलेल्या माणसानं तिचं वय बघून नुसता हात हलवला. दुपारी ती परत आली आणि प्रबंधकजींना हो म्हणाली.

घरी तिनं सांगितलं तेव्हा यज्ञेश्वर पायाचा चिखल खरवडत होता. त्यानं विचारलं, "पगार तोच?"

"तोच."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "गाडीत उजव्या बाजूचं दार नीट लागत नाही. लहान मुलांना तिकडे बसवू नकोस."

*

श्रावणातली सकाळ होती. आभाळ भरलेलं, पाऊस नाही, अंगाला कपडे चिकटत होते. पिवळी गाडी पिपरौआतली मुलं घेऊन निघाली. प्रमोदिनी दाराशी आडव्या फळीवर बसली होती. गुंजा तिच्या समोर, गळ्यात टाय, मांडीवर दप्तर. महिन्याभरात तिच्या बाईंची दुसरी तुकडी आली होती. पहिल्या बाईंनी अर्धवट टाकलेला धडा दुसऱ्यांनी पहिल्यापासून घेतला, आणि त्याही आता जाणार होत्या. गुंजा आधी प्रश्न विचारायची, "बहनजी, ये क्या लिखा है?" हल्ली विचारत नव्हती.

कॉलेजच्या फाट्यावर शिकाऊ मुलींपैकी एक चढली. पहिलाच दिवस असावा. नवी फाइल छातीशी धरलेली, कपाळाला घाम, डोळ्यांत उत्साह. ती प्रमोदिनीशेजारी फळीवर टेकली आणि सगळ्या मुलांकडे बघून हसली.

सडकेला लागल्यावर ड्रायव्हरनं गाडी हळू केली. पुढे कडेच्या चिखलातून यज्ञेश्वर चालला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. मागे बसोरांची तीन मुलं, एकमेकांचे सदरे धरून. सगळ्यांत धाकटा त्याच्या कडेवर होता. समोरून ट्रक आला, तसा यज्ञेश्वर मुलांना पोटाशी घेऊन खड्ड्याच्या बाजूला सरकला. ट्रकनं उडवलेलं पाणी त्याच्या पाठीवर पडलं.

"मास्साब!" गुंजा ओरडली. "मास्साब! ओ मास्साब!" तिनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. प्रमोदिनीनं तिचा फ्रॉक धरून तिला आत ओढलं.

यज्ञेश्वरनं वर पाहिलं. गुंजाला पाहून त्याचा चेहरा उजळला. हात वर करायचा होता त्याला, पण एका हातात चपला होत्या आणि दुसऱ्यावर मूल. त्यानं नुसती मान हलवली. मग त्याला दाराशी बसलेली प्रमोदिनी दिसली. गाडी पुढे गेली.

"कौन हैं ये?" शिकाऊ मुलीनं विचारलं.

"गाँव के मास्टर हैं," प्रमोदिनी म्हणाली.

"कितने अच्छे हैं। ऐसे पैदल ले जाते हैं बच्चों को!" मुलीला ते खरंच आवडलं होतं. ती मान वळवून मागे बघत राहिली. मग प्रमोदिनीकडे वळून तिनं मोकळेपणानं विचारलं, "दीदी, आप कब से हैं यहाँ?"

"बहुत साल हो गए।"

"अच्छा है ना? मतलब, बी.एड. के बाद ये लोग रख लेते हैं क्या परमानेंट?" आणि लगेच तिला वाटलं असावं, हे आपण गाडीतल्या बाईला काय विचारतोय. ती ओशाळून हसली. "आपको क्या पता होगा। सॉरी। आप कहाँ तक पढ़ी हैं, दीदी?"

ड्रायव्हरनं आरशातून मागे पाहिलं. तो पिपरौआचाच होता. गुंजाही बघत होती. फळे, तक्ते, झाशीचा तो वर्ग, बापूरावांचा आवाज, सगळं सांगायला गुरसराय येईपर्यंतचा वेळ पुष्कळ होता.

"आठवीं तक," ती म्हणाली.

पुढच्या गावात एक आई मूल घेऊन सडकेवर उभी होती. गाडी थांबली. प्रमोदिनीनं दार सरकवलं, खाली उतरली, मुलाच्या काखेत हात घालून त्याला वर चढवलं आणि दप्तर त्याच्या पाठीवरून काढून मांडीवर ठेवून दिलं.